अर्धशक्ती आणि सायकलस्वार
मुरबाडहून माळशेज वा शहापूरहून कसारा घाट सायकलने चढणारे तरुण ‘मांड्या भरून येतात, अश्वगंधा द्या’ म्हणत आमच्याकडे येतात. मांसपेशींत (आपल्या परिभाषेतील ‘स्नायू’ निराळे) मुख्यतः मंद व शीघ्र असे दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू प्राणवायूच्या साह्याने मेद व शर्करा वापरून दीर्घकाळ टिकतात. शीघ्र तंतू साठविलेल्या शर्करेवर जोर लावतात, पण लवकर थकतात. चढावर जड गिअर रेटला की शीघ्र तंतू अकाली जुंपले जातात. वायू मुखाशी येणे, म्हणजे तोंडाने श्वास सुरू होणे, हे सुश्रुतोक्त बलार्धलक्षण येथे ढोबळ मापक ठरते. त्या मर्यादेत, हलक्या गिअरवर, काही महिने नियमित सराव केल्यास मंद तंतूंचे बल वाढते. औषधविक्रेत्या बंधूंनीही बाटली देण्यापूर्वी गिअर कोणता लावता, हे अवश्य विचारावे.