जळण्यासाठीच बनलेले ऑइल

वणीच्या बाजारात ऑइलला तोटा नाही. उकणी, निलजई या खाणींचा कोळसा वाहणारे ट्रक आणि डंपर, तालुकाभरातले ट्रॅक्टर, घरोघरच्या दुचाक्या. जिथे चाके रात्रंदिवस फिरतात तिथे ऑइलचे दुकान शोधावे लागत नाही. अडचण निवडीची आहे. धुऱ्यावर माजलेली बाभूळ, वळवाच्या वादळात रस्त्यावर आडवा झालेला कडुनिंब, परवानगी काढून तोडायचे शेतातले सागवान, या कामांत कुऱ्हाडीची जागा आता पेट्रोलवरच्या चेनसॉने घेतली आहे. या मशीनच्या पेट्रोलमध्ये कोणते ऑइल मिसळायचे, हे मात्र पुष्कळदा दुकानात जे हाताशी असेल त्यावर ठरते. गिऱ्हाईक फार तर एवढेच म्हणते, ‘चांगले जाड द्या.’ चूक नेमकी इथे होते. चेनसॉचे ऑइल जाडी पाहून घ्यायचे नसते, ते कसे जळते हे पाहून घ्यायचे असते.

याचे कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला खाली ऑइलचे चेंबर असते. ऑइल तिथून वर जाते, वंगण करून परत येते आणि काही हजार किलोमीटरनंतर आपण ते काढून बदलतो. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या चेंबरमध्ये ऑइल साठवलेले नसतेच. पेट्रोल आणि हवेचे धुके त्या चेंबरमधून जाते, पेट्रोलमध्ये विरघळलेले ऑइल जाता जाता बेअरिंग आणि पिस्टन भिजवते, मग वर जाऊन पेट्रोलबरोबर जळते आणि सायलेन्सरमधून बाहेर पडते. म्हणजे ऑइलच्या प्रत्येक थेंबाला काम करायची संधी एकदाच मिळते. मध्यम आकाराच्या चेनसॉचे इंजिन ५० ते ६० सीसीचे असते. ते रिकामे फिरताना मिनिटाला १२ ते १४ हजार फेरे घेते, लाकडात घुसल्यावर साधारण ९ हजार. ९ हजार फेरे म्हणजे एका सेकंदात दीडशे स्फोट. मशीनची टाकी अर्ध्या लिटरच्या आसपास असते आणि ५० ला १ या प्रमाणात तिच्यात ऑइल जाते १० मिली, चहाचे दोन चमचे. या दोन चमच्यांनी टाकी संपेपर्यंत धातूला धातू घासू द्यायचा नाही आणि नंतर मागे काही न ठेवता जळूनही जायचे. ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणूनच हे ऑइल वेगळे बनवावे लागते.

इथे खाणपट्ट्यातला माणूस सहज विचारेल की जे ऑइल शंभर टन वाहणाऱ्या डंपरला पुरते, ते या चिमुकल्या इंजिनाला का पुरू नये? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. डंपरचे १५डब्ल्यू-४० ऑइल उत्तमच असते, पण ते जळू नये म्हणून बनवलेले असते. महिनोन्‌महिने चेंबरमध्ये टिकावे यासाठी त्यात कॅल्शियम, जस्त असे धातू असलेली रसायने घातलेली असतात. ती जळली की त्यांची राख होते. चेनसॉमध्ये ही राख प्लगच्या टोकावर बसते, पिस्टनच्या माथ्यावर थर धरते, रिंगांच्या खाचा भरते. खाचेत अडकलेली रिंग बोअरला नीट टेकत नाही, तापलेला वायू तिच्या बाजूने खाली उतरतो आणि पिस्टन ओरबाडला जातो. सायलेन्सरचे स्क्रू काढून आत डोकावले तर मशीनची तब्येत दिसते. निरोगी पिस्टनची बाजू स्वच्छ, करड्या चकाकीची असते आणि तिच्यावरच्या बारीक आडव्या रेषा शाबूत असतात. बिघडलेल्या पिस्टनवर वरून खाली गेलेले उभे ओरखडे असतात आणि धूर बाहेर पडण्याच्या तोंडाशी डांबरासारखी काळी खपली धरलेली असते. एवढे दिसल्यावर बोअर-पिस्टनचा खर्च फारसा लांब नाही.

कसे जळते हे गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे? त्यासाठी जपानची जॅसो ही वाहन-मानक संस्था कामाला येते. तिने टू-स्ट्रोक ऑइलच्या प्रती ठरवून दिल्या आहेत: एफबी, एफसी आणि एफडी. एका ठरावीक ऑइलला १०० गुण धरून बाकीची त्याच्याशी ताडून पाहतात. वंगणाच्या परीक्षेत तिन्ही प्रतींना किमान ९५ गुण लागतात, तिथे फरक नाही. फरक पडतो तो जळण्यात. धुराच्या परीक्षेत एफबीला ४५ गुण पुरतात, एफसी आणि एफडीला ८५ लागतात. सायलेन्सर न तुंबण्याच्या परीक्षेत एफबीला ४५, वरच्या दोघांना ९०. आणि इंजिन आतून स्वच्छ ठेवण्याच्या परीक्षेत एफबीला ८५, एफसीला ९५, तर एफडीला १२५. ‘जाड द्या’ म्हणणाऱ्याला या आकड्यांतच उत्तर आहे. निसरडेपणासाठी कोणी जास्त पैसे मोजत नाही, मोजायचे असतात ते स्वच्छतेसाठी. आयएसओच्या मानकात एफडीच्या तोडीची प्रत ईजीडी आहे. भारतातही १ एप्रिल १९९९ पासून २टी, म्हणजे टू-स्ट्रोक ऑइलला किमान एफसी दर्जाची अट आली. तिचा रोख स्कूटर-रिक्षांच्या निळ्या धुरावर होता. सुटे, मापाने विकलेले ऑइल म्हणूनच टाळावे. ते कोणत्या प्रतीचे आहे हे सांगणारी खूण त्याच्यावर नसते. निळा, हिरवा, लाल हे रंग फक्त मिसळलेले पेट्रोल ओळखता यावे म्हणून असतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेले ऑइल होडीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे. हवेवर थंड होणाऱ्या चेनसॉला ते नको.

दुसरा आक्षेप आपल्या उन्हाचा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, मग ऑइल थोडे जास्त टाकलेले बरे, असे म्हणतात. यामागची काळजी खरी आहे, उपाय मात्र उलटा पडतो. पुस्तिकेत ५० ला १ सांगितले असताना २५ ला १ केले, तर जळायचे ऑइल दुप्पट होते आणि काजळीही वाढते. शिवाय कार्बोरेटरच्या बारीक छिद्रातून जाणाऱ्या मिश्रणात ऑइलने जागा व्यापल्यामुळे पेट्रोल सुमारे दोन टक्के घटते. पेट्रोल कमी आणि हवा तेवढीच, म्हणजे इंजिन उलट जास्त तापते. मशीन गरम होत असेल तर आधी सिलिंडरच्या पंख्यांत अडकलेला भुसा काढावा आणि एअर फिल्टर झटकावा. कोळशाची धूळ उडणाऱ्या भागात तर हे रोजचे काम समजावे. काही कंपन्या स्वतःच्या ऑइलला ५० ला १ आणि इतर ऑइलला २५ ला १ असे सांगतात. तिथे पुस्तिकेचेच ऐकावे, वॉरंटी तिच्याशी बांधलेली असते.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि शेतकऱ्यासाठी ती छोटी नाही. समजा साधे ऑइल आणि एफडी यांच्यात लिटरमागे ३०० रुपयांचा फरक आहे. ५० ला १ या प्रमाणात एका लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल लागते, म्हणजे फरक पडतो सहा रुपयांचा. दिवसभरात तीन लिटर पेट्रोल जाळले तरी अठरा रुपये. मजुरी आणि पेट्रोल यांच्या शेजारी ही रक्कम ठेवून पाहावी.

ऑइलइतकेच पेट्रोलकडेही लक्ष हवे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, तर अनेक चेनसॉच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात ठेवून दिलेल्या कॅनमध्ये ते पाणी धरून तळाला बसते आणि मशीनने नेमके तेच ओढले तर पिस्टनला ऑइल मिळत नाही. म्हणून आठवडाभर पुरेल एवढेच मिसळावे आणि काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. साखळीच्या टाकीत मात्र हे ऑइल जात नाही. तिथे साखळीचे वेगळे, चिकट ऑइल लागते. गॅरेजमधले जळके ऑइल तिथे ओतू नये. त्यातला धातूचा कीस पट्टी आणि ऑइलचा पंप दोन्ही झिजवतो, आणि ते सगळे शेवटी शेताच्या मातीत सांडते.

दुकानात बाटली हातात घेतली की आधी मागची बाजू पाहा. एफडी किंवा ईजीडी ही अक्षरे असतील तर घ्या, नसतील तर दुसरी मागा. घरी पाच लिटरचा कॅन अर्धा भरा, त्यात मापाने १०० मिली ऑइल घालून हलवा, मग उरलेले पेट्रोल ओता आणि मशीनमध्ये भरण्याआधी प्रत्येक वेळी पुन्हा हलवा. मार्करने कॅनवर लिहून ठेवा: ५ लिटर, १०० मिली, आणि मिसळल्याची तारीख.