युद्धग्रस्त प्रदेशातील स्त्रिया आणि मदतीची 'एक खिडकी'

बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक दृश्य वारंवार पाहावे लागते. नवरा वारलेली एखादी बाई त्याच्या खात्यातील पैसे काढण्यासाठी येते. तिला पहिल्या खिडकीवरून तिसऱ्या खिडकीवर, तेथून साहेबांच्या केबिनमध्ये, तेथून झेरॉक्सच्या दुकानात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या खिडकीवर पाठविले जाते. प्रत्येक ठिकाणी ती तेच सांगते. नवरा कधी वारला, कशाने वारला, वारस कोण. चौथ्या वेळी सांगताना तिचा आवाज बदललेला असतो. आम्हीही अनेक जणींना अशा खिडक्या दाखविल्या आहेत, हे प्रांजळपणे कबूल करतो. कोणाचाही हेतू वाईट नसतो. प्रत्येकजण आपले काम नियमाप्रमाणे करीत असतो. परंतु ही कामे एकमेकांना जोडण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नसते.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, युद्धग्रस्त प्रदेशांतील स्त्रियांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांविषयी वाचत असताना 'समन्वय' हा शब्द आम्हांस पुनःपुन्हा भेटला. सुरुवातीला तो कोरडा, सरकारी वाटला. अत्याचार झालेल्या स्त्रीला डॉक्टर हवा, वकील हवा, निवारा हवा. समन्वयाचे तिने काय करायचे? मध्य आफ्रिकेतील काँगो देशाची हकीकत वाचल्यावर मात्र आमचे मत बदलले.

या देशाचा पूर्व भाग, म्हणजे किवू प्रांत, रवांडाच्या सीमेला लागून आहे. १९९४ साली रवांडात वंशसंहार झाला. त्यानंतर लाखो निर्वासित सीमा ओलांडून इकडे आले आणि त्यांच्यात संहार करणारे सशस्त्र लोकही होते. १९९६ साली आणि पुन्हा १९९८ साली युद्ध पेटले. दुसरे युद्ध २००३ साली कागदोपत्री संपले, पण लहानमोठ्या सशस्त्र टोळ्या तशाच राहिल्या. तेथील जमिनीत सोने आहे, कथील आहे आणि मोबाईल फोनच्या भागांसाठी लागणारे कोल्टन आहे. ज्या गावाच्या जमिनीवर ताबा हवा, त्या गावातील स्त्रियांवर घरच्यांच्या देखत बलात्कार करायचे, म्हणजे गाव आपोआप मोडते. नवरा बायकोकडे पाहू शकत नाही, मुले बापाकडे पाहू शकत नाहीत, आणि माणसे शेतीवाडी सोडून निघून जातात. बंदुकीची गोळी विकत घ्यावी लागते, याला तर तेवढाही खर्च नाही.

डॉ. डेनिस मुकवेगे हे याच भागातील बुकावू शहराचे रहिवासी. स्त्रीरोगतज्ज्ञ. १९९६ साली ते लेमेरा येथील इस्पितळात काम करीत असताना त्यावर हल्ला झाला आणि रुग्ण व कर्मचारी मारले गेले. पुढे १९९९ साली त्यांनी बुकावूमध्ये पांझी रुग्णालय सुरू केले. बाळंतपणात स्त्रिया दगावू नयेत हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात तेथे आलेली पहिली रुग्ण बाळंतीण नव्हती, ती सामूहिक बलात्कार होऊन आलेली स्त्री होती. त्यानंतर अशा स्त्रियांची रांग थांबलीच नाही. त्यांच्या शरीराच्या आतील भागांना इतक्या जखमा असत की मूत्र व विष्ठेवर ताबा राहत नसे. डॉक्टर शस्त्रक्रिया करीत, जखम भरून येई, स्त्री घरी जाई. आणि काही काळाने त्यांपैकी काही जणी पुन्हा अत्याचार होऊन परत येत. काहींना नवऱ्याने घरातच घेतलेले नसे.

शस्त्रक्रिया पुरेशी नाही, हे या डॉक्टरांना असे कळले. म्हणून पांझीमध्ये चार कामे एकाच आवारात आणण्यात आली: शरीराचा उपचार, मनाचा आधार, कायद्याची मदत आणि उदरनिर्वाहाचे शिक्षण. स्त्रीने एका दारातून आत यावे आणि बाकीच्यांनी तिच्याकडे चालत यावे, ही कल्पना. आपल्याकडे याला 'एक खिडकी' म्हणतात. भारत सरकारने २०१५ पासून 'सखी' नावाची जी वन स्टॉप केंद्रे सुरू केली, तीही याच विचाराची. २०१८ साली डॉ. मुकवेगे यांना इराकमधील यझिदी तरुणी नादिया मुराद यांच्यासमवेत शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, हे वाचकांना स्मरत असेल.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये डॉक्टरांच्या घरी बंदूकधारी घुसले. ते बचावले, त्यांचा सोबती मारला गेला, आणि ते कुटुंबासह परदेशी निघून गेले. तेव्हा त्या भागातील अतिशय गरीब स्त्रियांनी भाजी आणि फळे विकून त्यांच्या परतीच्या विमान तिकिटासाठी पैसे जमविण्यास सुरुवात केली. रुग्णालयावर आम्ही आळीपाळीने पहारा देऊ, असेही त्यांनी सांगितले. जानेवारी २०१३ मध्ये डॉक्टर परत आले. आम्ही बचत गटांची खाती रोज हाताळतो. पाच-दहा रुपयांच्या मळक्या नोटांची गड्डी मोजताना या स्त्रियांची आठवण होते.

आता प्रश्न वेळेचा. बलात्कारानंतर एच.आय.व्ही.ची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारे औषध १२० तासांपर्यंत उपयोगी पडते, पण जितके लवकर तितके चांगले. ही औषधे असलेले संच संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या निधी आणीबाणीच्या प्रदेशात पाठवितो. डोंगरातल्या गावातील स्त्री चालत निघाली, तर पहिला दिवस वाटेतच जातो. ती आधी पोलीस चौकीत गेली आणि तेथे तिला "उद्या या" म्हटले, तर दुसरा दिवस गेला. औषधाचा संच आहे पण तो कोणत्या दवाखान्यात आहे हे चौकीला ठाऊक नाही, तर तिसराही गेला. समन्वय म्हणजे काय, याचे उत्तर येथे सापडते. कोणत्या गावाहून आलेल्या स्त्रीने प्रथम कोठे जायचे, तेथून तिला कोण कोठे नेणार, रात्री कोण जागे असणार, हे सर्व घटना घडण्याआधी ठरवून, लिहून, दाई, शिक्षक, चर्चमधील सेवक अशा सर्वांना सांगून ठेवणे. शिवाय तिच्या संमतीशिवाय तिची हकीकत पुढच्या संस्थेला द्यायची नाही. पोलिसांत जायचे की नाही हे तिने ठरवायचे. तक्रार दिली नाही म्हणून औषध अडवायचे नाही.

काँगोत २००९ साली यासाठी देशव्यापी आराखडा करण्यात आला. त्याचे पाच भाग होते: गुन्हेगारांना शिक्षा, संरक्षण व प्रतिबंध, सैन्य-पोलिसांची सुधारणा, पीडितांना बहुविध साहाय्य आणि आकडेवारी. प्रत्येक भागासाठी संयुक्त राष्ट्रसंघाची एकेक शाखा जबाबदार ठरविली गेली; उदाहरणार्थ साहाय्याची जबाबदारी युनिसेफकडे, आकडेवारीची लोकसंख्या निधीकडे. आकडेवारी हा वेगळा भाग कशाला, असे कोणी विचारील. एकच स्त्री तीन संस्थांकडे गेली की तीन वह्यांत तीन स्त्रिया नोंदल्या जातात. ताळेबंद न जुळण्याचे दुःख आमच्या पेशातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

या सर्वांचा खरा कस कावुमू या गावी लागला. हे गाव बुकावूच्या उत्तरेस, विमानतळाजवळ आहे. २०१३ पासून तेथे रात्री घरांतून लहान मुली पळविल्या जाऊ लागल्या. काही तर धड बोलूही न शकणाऱ्या वयाच्या. पहाटे त्या शेतात टाकलेल्या सापडत. अशा चाळीसहून अधिक मुली तीन वर्षांत पांझीला आणल्या गेल्या. डॉक्टर उपचार करीत होते, पोलीस प्रत्येक प्रकरण सुटे सुटे नोंदवीत होते, आणि कोणाला शिक्षा होत नव्हती. गावात काय चालले आहे हे प्रत्येकाला थोडे थोडे माहीत होते. सगळे एकत्र कोणाच्याच टेबलावर नव्हते.

अखेरीस ही सुटी प्रकरणे एकत्र बांधली गेली. डॉक्टर, पोलीस, सरकारी वकील आणि मानवी हक्कांचे काम करणाऱ्या संस्था एकमेकांशी बोलू लागल्या. जखमांची नोंद न्यायालयात टिकेल अशा एकाच पद्धतीने कशी करायची, याचे शिक्षण डॉक्टर आणि पोलिसांना एकत्र बसवून देण्यात आले होते, त्याचा आता उपयोग झाला. मुलींना न्यायालयात उभे करण्याऐवजी तज्ज्ञांनी त्यांच्याशी बोलून ते चित्रित केले. जून २०१६ मध्ये या टोळीचा सूत्रधार म्हणून प्रांतिक विधिमंडळाचा एक सदस्य, फ्रेडरिक बातुमिके, याला अटक झाली. लष्करी न्यायालय कावुमू गावातच भरविण्यात आले. १३ डिसेंबर २०१७ रोजी त्याला व आणखी दहा जणांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याबद्दल जन्मठेप झाली. पदावर असलेल्या लोकप्रतिनिधीला, त्याच्याच मतदारांच्या मुलींसाठी, त्याच गावात शिक्षा होते, ही गोष्ट जगात कोठेही सहज घडत नाही. आम्ही तो वृत्तान्त दोनदा वाचला.

कायद्याची पार्श्वभूमीही थोडी सांगितली पाहिजे. रवांडातील गुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे अकायेसू नावाच्या माजी नगराध्यक्षाचा खटला चालला, तेव्हा आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्षीसाठी आलेल्या स्त्रियांच्या तोंडून तो बाहेर आला. न्यायासनावर दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या न्यायमूर्ती नवनेथम पिल्ले होत्या आणि त्यांनी त्या साक्षींचा पाठपुरावा केला. १९९७ साली आरोपपत्र दुरुस्त झाले आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, हे प्रथमच मान्य झाले. पुढे ३१ ऑक्टोबर २००० रोजी सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांततेच्या वाटाघाटींत स्त्रियांना स्थान असावे असे म्हटले, २००८ च्या १८२० क्रमांकाच्या ठरावाने लैंगिक अत्याचार हे युद्धतंत्र असल्याचे नोंदविले, आणि २००९ च्या १८८८ क्रमांकाच्या ठरावाने या विषयासाठी महासचिवांचा खास प्रतिनिधी नेमण्याची सोय केली. ठराव पुष्कळ झाले. वाटाघाटींच्या टेबलाभोवतीची छायाचित्रे पाहिली तर त्यांत स्त्रिया अजूनही शोधाव्या लागतात.

आपल्या देशाचा येथे जवळचा संबंध आहे. काँगोतील शांतिसेनेत भारतीय सैनिक दीर्घकाळ राहिले. तेथे २०२३-२४ मध्ये काम केलेल्या मेजर राधिका सेन यांना स्त्रियांशी संवाद साधण्याच्या कार्याबद्दल संयुक्त राष्ट्रसंघाचा पुरस्कार मिळाला. त्याआधी २००७ साली भारताने लायबेरियात संपूर्ण महिलांची पोलीस तुकडी पाठविली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या इतिहासातील ती पहिलीच, आणि ती परंपरा २०१६ पर्यंत चालली. अभिमानाची ही बाजू सांगताना दुसरी लपविणे बरे नाही. शांतिसैनिकांनीच स्थानिक स्त्रियांचे शोषण केल्याचे आरोप अनेक देशांच्या तुकड्यांवर झाले, काँगोत भारतीय तुकडीतील जवानांवरही झाले, आणि सेनेला चौकशी करावी लागली. ज्याच्याकडे तक्रार करायची तोच आरोपी असेल, तर तक्रारीची वाट त्याच्या दारावरून जाता कामा नये. ही साधी गोष्ट आराखड्यात आधी लिहावी लागते.

मदतीच्या योजनांचाही एक दोष अभ्यासकांनी दाखविला आहे. काही काळ काँगोसाठी येणारा पैसा 'बलात्कारपीडित' या एकाच रकान्यात पडू लागला. बाळंतपणात जखमी झालेल्या स्त्रीचा त्रास तसाच, शस्त्रक्रिया तीच, पण मोफत उपचार बलात्कार झालेल्या स्त्रीला. तेव्हा काही स्त्रिया, आपल्यावरही बलात्कार झाला, असे सांगू लागल्या. त्यांना खोटारड्या म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. फॉर्मवर एकच रकाना ठेवला की माणसे तोच भरतात. स्त्रीच्या जमिनीवरील हक्काचा, शिक्षणाचा, गावच्या निर्णयात तिच्या मताचा रकाना त्याच कागदावर हवा होता.

२०२५ च्या जानेवारी अखेरीस एम-२३ या बंडखोर गटाने गोमा शहर घेतले आणि फेब्रुवारीत बुकावूही. त्याच सुमारास अमेरिकेने परदेशी मदत रोखली, आणि तिची मदतसंस्था जुलैमध्ये बंदच झाली. ७२ तासांत द्यावयाच्या औषधांच्या संचांचा त्यामुळे तुटवडा पडला. दोन्ही शहरांतील बँकांनी दारे लावली. बँक बंद म्हणजे परिचारिकेचा पगार बंद, डिझेल बंद, डोंगरातून रुग्ण आणणारी गाडी बंद. वर्षानुवर्षे विणलेले जाळे इतक्या साध्या ठिकाणी तुटते.

कावुमूच्या निकालात न्यायालयाने प्रत्येक मुलीस पाच हजार अमेरिकी डॉलर भरपाई ठरविली, मात्र राज्यावर त्याची जबाबदारी टाकली नाही. म्हणजे पैसे गुन्हेगारांनी द्यायचे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये काँगोने पीडितांच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्यासाठी राष्ट्रीय निधी उभारला; खनिजांच्या रॉयल्टीतील हिस्सा त्यात जमा करावयाचा आहे. पैसा मंजूर झाल्यावर तो मुलीच्या हाती कसा पडावा, हा प्रश्न आमच्या पेशाचा. न्यायालयात तिचे नाव गुप्त ठेवले गेले, साक्षीदारांचे चेहरे झाकले गेले. पैसे देताना मात्र नाव लागते, जन्माचा दाखला लागतो, पालकाची सही किंवा अंगठा लागतो, आणि गावात एकदम पाच हजार डॉलर कोणाच्या घरी आले हे दुसऱ्या दिवशी सर्वांना कळते. अज्ञान मुलीच्या नावे खाते, नाव उघड न करता केलेली नोंद, पालकाने परस्पर पैसे काढू नयेत अशी अट, ही सोय डॉक्टरला करता येणार नाही आणि न्यायाधीशालाही नाही. ती काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्याने करावयाची आहे.