लोकलमध्ये न मावणारा विषय

बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. अंबरनाथ, उल्हासनगर किंवा बदलापूरहून कालिन्याच्या विद्यापीठात एमएस्सीला जाणारा विद्यार्थी कुर्ल्याला उतरतो, तोपर्यंतचा प्रवास बहुधा उभ्यानेच होतो. त्या गर्दीत कान मोकळे असतात, हात नसतात. मोबाइलवरचे व्याख्यान ऐकता येते. पण क्वांटम फील्ड थिअरी नुसती ऐकून येत नाही. ती हातानेच शिकावी लागते.

कारण विषयातच आहे. या सिद्धांतात इलेक्ट्रॉन म्हणजे छोटी गोळी नव्हे, तर सर्वत्र पसरलेल्या क्षेत्रावरचा तरंग. ऊर्जेतून नवे कण निर्माण होतात आणि नाहीसेही होतात, म्हणून ‘कण किती?’ हा आकडाच स्थिर राहत नाही. नेहमीचे पुंजयामिक इथे तोकडे पडते. डिरॅक यांनी १९२७ मध्ये नवी वाट दाखवली खरी, पण पुढची गणिते करताना उत्तर अनंत येऊ लागले. हा तिढा सुटायला वीस वर्षे गेली.

डिरॅक यांच्या समीकरणातून इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचे जे मूल्य निघते, त्याहून प्रयोगातले मूल्य सुमारे ०.११६ टक्क्याने जास्त भरते. ही तफावत ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये गणिताने काढली. आज त्यासाठी एकच आकृती पुरते आणि हे गणित स्वतः सोडवणे हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने मैलाचा दगड. पुढच्या पायरीला सात आकृत्या लागतात, मग ७२, मग ८९१, आणि पाचव्या पायरीला तब्बल १२,६७२! त्यातल्या सात आकृत्यांचे १९५० मध्ये कार्प्लस आणि क्रोल यांनी दिलेले उत्तर चुकले होते. ते दुरुस्त व्हायला १९५७ उजाडले. वहीत वजाचे चिन्ह हरवलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

साहित्याची वानवा आता राहिलेली नाही. केंब्रिजच्या डेव्हिड टाँग यांच्या टिपा फुकट मिळतात. हार्वर्डमध्ये सिडनी कोलमन यांनी १९७५-७६ मध्ये दिलेली व्याख्याने आजही पाहता येतात. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये इटलीत त्रिएस्तला संस्था उभारली, ती विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठीच. कोल्हापूरचे अतिश दाभोलकर २०१९ मध्ये तिचे संचालक झाले.

व्याख्यानांचा रतीब घालण्याआधी मात्र लाग्रांजियन, विशेष सापेक्षता, संमिश्र चलांचे गणित आणि हार्मोनिक ऑसिलेटर पक्के हवेत. ऑसिलेटर तर फारच. सारा विषय त्याच्यावरच उभा आहे. इथे घाई करणारे दुसऱ्या प्रकरणात अडकतात.

खरी उणीव आहे ती वही तपासणाऱ्याची. कुलाब्याच्या टाटा संस्थेत शेजारच्या खोलीत कुणीतरी विचारायला असते, बदलापूरच्या अभ्यासिकेत आजूबाजूला स्पर्धा परीक्षांची पुस्तके असतात. त्यावर जुनाच उपाय चालतो. तिन्ही गावांतल्या दोघातिघांनी आठवडाभर एकच गणित आपापल्या वहीत वेगवेगळे सोडवायचे आणि रविवारी एकत्र बसून कुणाचे चिन्ह कुठल्या ओळीत फिरले ते शोधायचे.