घसादुखी : घरगुती उपचार आणि त्यांची मर्यादा

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागू लागली की शाळांच्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढू लागते. पालकांकडे चौकशी करावी तर उत्तर बहुधा एकच मिळते. पोराचा घसा धरला आहे. हे दुखणे इतके नित्याचे की त्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी असे घरात कोणास वाटत नाही. स्वयंपाकघरातील मीठ-हळद, परसातील तुळस व अडुळसा आणि आजीबाईच्या बटव्यातील ज्येष्ठमधाची कांडी एवढ्यावर काम भागते. बहुतेक वेळा ते खरोखरच भागते. मात्र काही वेळा भागत नाही आणि या दोन प्रसंगांतील फरक वेळीच ओळखला न गेल्यास त्याची किंमत त्या मुलास आयुष्यभर मोजावी लागते.

घसादुखीचे बहुसंख्य प्रकार हे सर्दी-पडशाच्या विषाणूंमुळे उद्भवतात. शरीर स्वतःच त्यांचा बंदोबस्त करते व साधारणपणे आठवड्याभरात घसा पूर्ववत होतो. प्रतिजैविक औषधांचा विषाणूंवर काहीही परिणाम होत नाही. सुई टोचल्यावाचून दुखणे हटत नाही ही समजूत खेड्यापाड्यांत खोलवर रुजलेली आहे. शहरांतही ती कमी आहे असे नाही. अशा वेळी रुग्णास हवा असतो तो आराम, आणि तो देण्याचे सामर्थ्य घरगुती उपचारांत निश्चितच आहे.

यांत पहिला मान मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांचा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. खारट पाणी सुजलेल्या आवरणातील पाण्याचा काही अंश ओढून घेते, चिकट कफ सैल करते व दाह थोडा शमवते. पाणी कढत असू नये आणि ते गिळू नये. लहान मुलांना गुळण्या साधत नाहीत. त्यांना भाताची पेज, गरम वरणाचे पाणी किंवा नुसते कोमट पाणी घोटघोट पाजावे. दुखऱ्या घशामुळे मूल पाणी पिणे टाळते आणि त्यामुळेच अधिक मलूल होते, हे अनेकदा लक्षात येत नाही.

ज्येष्ठमधाचे संस्कृत नाव यष्टिमधु, म्हणजे गोड काठी. साखरेहून कित्येक पट गोड असलेले द्रव्य या मुळीत असते. कांडी चघळली की लाळ सुटते व घशाच्या आतल्या बाजूस ओलसर थर बसून खवखव कमी होते. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना घशात नळी घालावी लागते व नंतर घसा दुखतो. त्यावर ज्येष्ठमधाच्या गुळण्यांचा उपयोग होतो असे रुग्णालयांतील चाचण्यांत आढळले आहे. बाळगुटीतील ही मुळी इतकी ओळखीची असल्याने ती निरुपद्रवी मानली जाते. परंतु ती दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो. रक्तदाबाचे रुग्ण व गरोदर स्त्रिया यांनी ती टाळणे बरे.

अडुळशाची पाने जनावरे खात नाहीत, म्हणून तो कुंपणास लावतात. त्याचा खरा उपयोग घशापेक्षा खोकल्यावर अधिक. कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे आधुनिक औषध अडुळशातील वासिसिन या द्रव्यावरूनच सिद्ध झाले. गर्भाशयावर त्याचा परिणाम होण्याचा संभव असल्याने गरोदरपणी अडुळसा वर्ज्य समजावा. बेहड्याची साल चघळणे, आले-तुळस-गवती चहाचा काढा, खडीसाखर व लवंग हे उपाय याच मालिकेतील होत. हळदीच्या दुधाबद्दल मात्र बोलले जाते त्या मानाने पुरावा थोडा आहे. हळदीतील मुख्य द्रव्य आतड्यांतून फारच अल्प प्रमाणात शोषले जाते. आराम मिळतो तो बराचसा गरम दुधाचा. मध उत्तम, पण एक वर्षाखालील बालकास तो चाटवू नये. मधातून येणाऱ्या काही जंतूंच्या विषामुळे तान्ह्या मुलास गंभीर आजार होऊ शकतो.

पडजीभ उतरली असे म्हणून मुलाच्या घशात बोट घालून ती दाबणे किंवा गळ्यास चुन्याचा लेप लावणे हे प्रकार थांबले पाहिजेत. पहिल्याने घशास जखम होते, दुसऱ्याने कातडी भाजते. उकळत्या पाण्याचे भांडे मुलापुढे ठेवून वाफारा देताना भाजल्याच्या घटनाही घडतात.

घसा बरा, हृदय आजारी

मुलांच्या घसादुखीचा काही भाग स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूमुळे होतो. घसा एकाएकी दुखू लागतो, ताप चढतो, जबड्याखालच्या गाठी सुजून दुखऱ्या होतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात. आणि विशेष म्हणजे सर्दी-खोकला बहुधा नसतो. हा घसाही काही दिवसांत आपोआप बरा होतो. काढ्याने गुण आला असे घरचे मानतात. पुढे दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे गुडघे, घोटे, कोपर एकामागून एक सुजतात, ताप येतो. हा ऱ्हुमॅटिक ताप होय. तो प्रामुख्याने ५ ते १५ वर्षे वयात येतो व दाटीवाटीच्या वस्तीत अधिक आढळतो. सांध्यांची सूज कायमची उतरते, पण हृदयाच्या झडपांस झालेली इजा राहून जाऊ शकते. कित्येक मुलींच्या बाबतीत ती उघडकीस येते ती वर्षांनंतर, पहिल्या गरोदरपणात दम लागू लागतो तेव्हा.

घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाल्यास हा अनर्थ टाळता येतो. औषध जुने आहे, स्वस्त आहे. गोळ्या दिल्यास त्या पूर्ण दहा दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून चालत नाही. मीठ-पाण्याच्या गुळण्या सोबत चालू ठेवण्यास हरकत नाही. परंतु त्यांनी वेदना शमते, हा जिवाणू मरत नाही.

घशात करडा, घट्ट चिकटलेला पापुद्रा दिसल्यास घटसर्पाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लाळ गिळता न येणे, तोंड न उघडणे किंवा श्वासाला घरघर लागणे या लक्षणांतही विलंब करू नये. घटसर्पाची लस १९७८ पासून देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आहे. बालपणीच्या मात्रांबरोबर पाच-सहा वर्षांची वर्धक मात्रा आणि पुढे १० व १६ व्या वर्षीची मात्रा यांकडे दुर्लक्ष होते. शाळाप्रवेशाच्या वेळी लसीकरण कार्ड पाहिल्यास ही उणीव तेथेच ध्यानात येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यातील शालेय तपासणीत ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी, मागील काही महिन्यांत सांधे सुजलेल्या किंवा खेळताना लवकर दमणाऱ्या मुलांची नावे शिक्षकांनी आवर्जून सांगावीत. ज्यांस हा ताप एकदा येऊन गेला आहे, त्यांना तो पुन्हा येऊ नये म्हणून पेनिसिलिनचे इंजेक्शन दर २१ दिवसांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. ऊसतोडीसाठी कुटुंब गाव सोडते तेव्हा हा क्रम हटकून तुटतो. अशा मुलाच्या उपचार-कार्डाची प्रत आशा कार्यकर्तीने किंवा शिक्षकांनी पालकांजवळ द्यावी व पुढील इंजेक्शनची तारीख तीवर ठळक लिहावी, म्हणजे कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते दाखवता येईल.