पत्रिका नको, रक्ताची चाचणी हवी

सिकलसेल हा शब्द विदर्भातील बौद्ध वस्त्यांना नवा नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, कुठेही जा. एखादे लेकरू सारखे आजारी पडते, हातपाय ठणकतात म्हणून रात्रभर रडते, डोळे पिवळे दिसतात. मग सुरू होतात गंडेदोरे, उतारे आणि बाहेरची बाधा! 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे चालते, ही शरमेची गोष्ट आहे. या आजारात ना देव आहे, ना करणी. आहे तो एक रेणू.

आपल्या प्रत्येक तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात. फुप्फुसातून प्राणवायू उचलून तो मेंदू, स्नायू, हाडांपर्यंत पोचवणे हे त्यांचे काम. हिमोग्लोबिन हे प्रथिन चार साखळ्यांचे असते, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले माळेतल्या मण्यांसारखी ओवलेली असतात आणि कोणता मणी कुठे बसायचा हे डीएनए ठरवते. सिकलसेलमध्ये डीएनएतले एकच अक्षर बदलते आणि सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसते. 146 मध्ये फक्त एक! पण प्राणवायू सोडला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे रक्त अडते तिथे असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20 दिवस. म्हणून अंगात रक्त टिकत नाही आणि डोळे पिवळे होतात. लायनस पॉलिंग यांनी 1949 साली या आजाराला रेणूचा आजार म्हटले, ते यासाठीच.

हा आजार स्पर्शाने होत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही जनुके सदोष आली तरच मूल 'एसएस' म्हणजे रुग्ण होते. एकच आले तर ते 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. उलट मलेरियापासून त्याला काही संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 साली दाखवले. मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकून राहिले ते त्यामुळे. ते आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, गोंड-माडियांत आहे, तेली-कुणब्यांतही आहे. तेव्हा कोणी याला 'अमक्यांचा रोग' म्हणून नाक मुरडू नये.

मात्र वाहकाचे लग्न वाहकाशी झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते. येथे जात आडवी येते. जातीचा प्राण जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले. आम्ही बौद्ध झालो, पण सोयरीक जुळवताना 'बावणे की लाडवन की कोसरे' ही चौकशी सुटली नाही. त्याच त्या गोतावळ्यात फिरत राहिलो तर वाहकाला वाहक गाठ पडणारच. पोटजात आणि जात ओलांडून झालेल्या लग्नात ही शक्यता कमी होते. तरीही चाचणी करावीच. साधी सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिसनंतरच कळते, म्हणून अर्ध्या रिपोर्टवर सोयरीक मोडू नका.

वकिलीच्या कामात मला दुसराच अनुभव येतो. मूल 'एसएस' निघाले की सून माहेरी पाठवली जाते. अरे, दुसरे जनुक कुठून आले? मुलाच्या बापाकडूनच ना!

आता कायद्याचे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये सिकलसेल हा दिव्यांगत्वाचा प्रकार म्हणून नोंदलेला आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर शासकीय व अनुदानित संस्थांतील उच्च शिक्षणाच्या 5 टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. किती पालकांना हे ठाऊक आहे? पण नोकरीतील 4 टक्के आरक्षणाच्या कलम 34 मध्ये रक्ताच्या आजारांना जागाच दिलेली नाही. शिकायला जागा आणि पोटाला नाही, हा कुठला न्याय? केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सुरू झाली. तिचा मुख्य रोख आदिवासी भागांवर आहे. आदिवासी बांधवांना ते मिळालेच पाहिजे, त्यात कपात नको. पण विदर्भातील बौद्ध वस्त्यांतही तपासणीची पथके आली पाहिजेत, आणि कलम 34 मध्ये दुरुस्ती झाली पाहिजे. ही दोन निवेदने प्रत्येक तालुक्यातून गेली पाहिजेत. तोपर्यंत वधू-वर परिचय मेळावे भरवणाऱ्या आपल्या मंडळांनी फॉर्मवर रक्तगटाशेजारी आणखी एक रकाना छापावा आणि मेळाव्याच्या मांडवातच चाचणीचे टेबल लावावे.