येळवशीला गावाकडं या!

लातूर-नांदेड सोडून पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्यांनो, जुने मित्र एकत्र गाठायचे असतील तर मुहूर्त एकच: मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे आपली वेळ अमावस्या, येळवस. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबट आंबील. यंदा वीस वर्षांनी शाळेतल्या मित्राच्या रानात जेवलो. ती भज्जी शहरात जमतच नाही. स्वतःचं शेत नसलं तरी बोलावणं येतंच. याच सुमारास लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार बघण्यासारखा. पुढच्या येळवशीसाठी दोन दिवसांची रजा आत्ताच टाका, आणि मित्राला आजच फोन करा.