साखळी विश्वासाची (भाग ७) : विनंतीत मागितलं म्हणून द्यायचं का?

गेल्या आठवड्यात आपण सीएसआर, म्हणजे प्रमाणपत्रासाठीची विनंती, तयार करून सीएकडे, म्हणजे प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या संस्थेकडे, पाठवला. आज टेबलाच्या पलीकडे जाऊन बसू. सही करायची आहे, पण सहीआधी प्रमाणपत्रात काय लिहायचं हे आपणच ठरवायचं आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये तुर्कस्तानच्या तुर्कट्रस्ट या सीएने दोन गिऱ्हाइकांना वेबसाइटसाठी साधी प्रमाणपत्रं दिली. चाचणीच्या यंत्रणेतली प्रोफाइल चुकून चालू यंत्रणेत आली होती आणि तिच्यात ‘सीए : ट्रू’ लिहिलेलं होतं. झालं, दोन्ही गिऱ्हाइकं स्वतःच सीए बनली! त्यातलं एक प्रमाणपत्र अंकारा महापालिकेच्या परिवहन संस्थेकडे होतं. पुढे ते फायरवॉलवर चढलं आणि फायरवॉल गूगलच्या नावाने प्रमाणपत्रं देऊ लागला. डिसेंबर २०१२ मध्ये क्रोमने ते पकडलं. सव्वा वर्षाहून अधिक काळ कुणाला पत्ता नव्हता.

एवढा गोंधळ घालणाऱ्या ओळीचं नाव ‘बेसिक कन्स्ट्रेंट्स’. मुखत्यारपत्रात ‘पुढे आणखी कुणाला मुखत्यार नेमता येईल’ असं कलम असावं, तशी ही ओळ. १९८८ च्या मूळ एक्स.५०९ या प्रमाणपत्रांच्या मानकात तिला जागाच नव्हती. अशा जादा ओळी, म्हणजे एक्स्टेन्शन, आल्या त्या तिसऱ्या आवृत्तीत. सीएच्या प्रमाणपत्रात तिच्यावर ‘क्रिटिकल’ अशी खूण हवी, कारण क्रिटिकल एक्स्टेन्शन ज्या सॉफ्टवेअरला कळत नाही, त्याने ते प्रमाणपत्र नाकारायचं असतं. खूण नसेल तर न कळलेलं एक्स्टेन्शन सोडून पुढे जायला मुभा असते. शिवाय ‘पाथलेन’ शून्य ठेवलं की त्या सीएखाली आणखी सीए उभा करता येत नाही. कार्यालयातल्या सर्व्हरांना प्रमाणपत्रं देणाऱ्या सीएला शून्यच द्यावं.

किल्ली कशासाठी वापरायची हे सांगणाऱ्या ‘की युसेज’ या ओळीवर फार वेळ घालवत नाही. ई-निविदा भरणारे कंत्राटदार सहीसाठी एक आणि एन्क्रिप्शनसाठी एक अशी दोन प्रमाणपत्रं टोकनवर घेतात. तो फरक याच ओळीत लिहिलेला असतो.

खरा सापळा ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये आहे. २०१७ मध्ये क्रोमच्या ५८व्या आवृत्तीने ‘कॉमन नेम’मधलं डोमेन बघणं बंद केलं. आता नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्येच हवं. गिऱ्हाईक ते सीएसआरमध्ये लिहून पाठवतं, पण ‘ओपनएसएसएल सीए’ ही आज्ञा विनंतीतली एक्स्टेन्शन मुळात उचलतच नाही. ब्राउझर कुरकुरतो, मग कुणीतरी ‘कॉपी_एक्स्टेन्शन्स = कॉपी’ या ओळीपुढची # खूण काढतं आणि काम भागतं. मात्र आता विनंतीत जे असेल ते आत येतं. कुणी ‘सीए : ट्रू’ लिहून पाठवलं आणि कॉन्फिग फाइलमधल्या आपल्या एक्स्टेन्शनच्या विभागात बेसिक कन्स्ट्रेंट्स नसेल, तर तेही येतं.

म्हणून ‘सीए : फॉल्स’ आपण स्वतः लिहायचं. ‘कॉपी’ असताना आपल्या विभागात असलेल्या एक्स्टेन्शनला विनंती धक्का लावू शकत नाही. ‘कॉपीऑल’मध्ये मात्र विनंतीचंच चालतं. त्या पर्यायाच्या वाटेला जाऊ नये. मला विचाराल तर ‘कॉपी’सुद्धा नको. नावं तपासून आपल्या हाताने लिहावीत. दिवसाला पाच-दहा प्रमाणपत्रं देणाऱ्या कार्यालयाला ते जड नाही.

राहिले पत्ते : रद्द प्रमाणपत्रांची यादी कुठे मिळेल आणि सीएचं स्वतःचं प्रमाणपत्र कुठे मिळेल. हे दोन्ही प्रमाणपत्रात छापले जातात आणि सही झाल्यावर बदलता येत नाहीत. तिथे यंत्राचं खरं नाव टाकलंत तर ते यंत्र भंगारात गेल्यावरही नाव जपत बसावं लागतं. वेगळं, टिकाऊ डीएनएस नाव घ्या आणि पत्ता साधा एचटीटीपी ठेवा. एचटीटीपीएस का नको? तिथलं प्रमाणपत्र तपासायलाही पुन्हा हीच यादी लागू शकते. ती यादी निघते कशी, हे पुढच्या आठवड्यात.